मारी०: मारिओच्या भिंतीला दोन दारं

लहानपणी मारिओ खेळताना मला आणि दादाला एकाच गोष्टीचा फार राग यायचा. मागे जाता यायचं नाही. मशरूम विटेतून बाहेर पडलं, नळाला आपटून उलट फिरलं आणि पडद्याच्या डाव्या कडेतून निसटलं, की ते कायमचं गेलं. आपण चार पावलं पुढे आलो की मागचं जग टीव्हीनं गिळलेलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात, माजघराला लागून असलेल्या खोलीत, १९९६ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं त्या डाव्या कडेला अक्षरशः धडका मारायचो. दादा तर रिमोटसकट अख्खा डावीकडे झुकायचा. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो, कासवाला कासव आणि वॉर्प झोनला शॉर्टकट. इथेही मी तेच शब्द वापरणार आहे, कारण या गेमबद्दल मला दुसऱ्या शब्दांत विचारच करता येत नाही.

गेल्या भाऊबीजेला दादा, वहिनी आणि भाचा आमच्याकडे कर्वेनगरला आले होते. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि भाच्यानं माझ्या लॅपटॉपवर काहीतरी उतरवून घेतलं. "आत्या, तुझा मारिओ बघ." पडद्यावर तोच १-१, म्हणजे पहिल्या जगातला पहिला टप्पा. त्याच विटा, तोच नळ, समोरून चालत येणारा तोच तपकिरी शत्रू. मारिओच्या हातात मात्र बंदूक. भाच्यानं माऊसचं डावं बटण दाबलं, जमिनीत निळं दार उघडलं. उजवं दाबलं, वरच्या विटांत नारिंगी दार उघडलं. शत्रू आपल्या चालीनं आला, निळ्या दारात पडला आणि वरच्या विटांतून खाली टपकला. मग भाच्यानं मारिओला डावीकडे चालवलं, आणि पडदा त्याच्याबरोबर डावीकडे सरकला.

दादाच्या हातातली चकली तशीच राहिली. "अरे, हा मागे जातोय!"

हा गेम म्हणजे मारी०. नावातलं शेवटचं अक्षर ओ नसून शून्य आहे. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स आणि २००७चा पोर्टल हे दोन गेम त्यात एकत्र केलेत. स्टॅबयुअरसेल्फ या छोट्या गटानं तो २०१२मध्ये मोफत उपलब्ध करून दिला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. काटेकोर बोलायचं तर याला मॉड म्हणता येणार नाही. मॉडमध्ये मूळ गेमच्या फाइलींना हात घालून बदल करतात. इथे मारिओच पहिल्या विटेपासून नव्यानं लिहिलाय, लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत, गेम बनवण्यासाठीच्या लव्ह नावाच्या फुकट मिळणाऱ्या चौकटीवर. पण चाहत्यांनी दोन जुन्या गेमची गाठ मारली या अर्थानं लोक त्याला मॉडच म्हणतात, आणि माझी हरकत नाही.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. दोन महिने हा गेम मी रात्री क्लास सुटल्यावर खेळले, आणि नंतर क्लासमध्येही आणला. त्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण दोन गेम एकत्र केलेले इतरही प्रकार मी या निमित्तानं पाहिले आणि त्यातले बरेचसे चार दिवसांत विसरूनही गेले. हा का टिकला, ते मला नीट सांगावंसं वाटतं.

पोर्टल ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी: तुमच्याकडे एक बंदूक असते. तिनं कुणाला मारता येत नाही. एका भिंतीवर एक दार उघडतं, दुसऱ्या भिंतीवर दुसरं. एकातून शिरलात की दुसऱ्यातून बाहेर. या कल्पनेचं मूळ विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात आहे, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडतं. अमेरिकेतल्या डिजिपेन संस्थेच्या मुलांनी २००५मध्ये नार्बाक्युलर ड्रॉप नावाचा गेम केला होता, तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीनं त्या मुलांनाच नोकरीवर घेतलं आणि दोन वर्षांत पोर्टल तयार झाला.

आता ही बंदूक मारिओच्या हातात दिल्यावर काय होतं? वरवर पाहता मारिओला आणखी एक शस्त्र मिळालं. पण खरं काम वेगळंच घडतं. मारिओ हा अंतराचा गेम आहे. दोन खड्ड्यांमधलं अंतर, नळाची उंची, धावत येऊन मारलेली उडी किती लांब जाते, याच हिशोबावर ते बत्तीस टप्पे रचलेत. दार उघडलं की अंतर उरतच नाही. म्हणजे पोर्टलनं मारिओच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवलंय. आणि मागे जाता आलं नाही तर मागे उघडलेल्या दाराला अर्थ नाही, म्हणून करणाऱ्यांना मारिओचा सगळ्यात जुना नियम मोडावा लागला. तीस वर्षांपूर्वी आम्हाला जे हवं होतं ते मारिओत कुणी घातलं नव्हतं. दुसऱ्या गेमला गरज पडली म्हणून ते आलं.

भाचा इंग्रजी माध्यमात आहे आणि सध्या जोडाक्षरांशी झगडतो आहे. त् आणि र यांचा त्र होतो, पण त्रमध्ये ना त पुरता दिसतो ना र. त्याला हे अन्यायाचं वाटतं. मी त्याला म्हटलं, तुझा मारी० तसाच आहे बघ. त्याला लगेच पटलं.

एक बारकावा मला पहिल्या आठवड्यातच लक्षात आला. दाराला दोन ठोकळ्यांची जागा लागते. एकट्या प्रश्नचिन्हाच्या विटेवर दार उघडत नाही, शेजारी आणखी एक वीट हवी. ऐकायला ही बाब क्षुल्लक आहे, पण तिच्यामुळे मारिओचा ओळखीचा नकाशा एकदम अनोळखी होतो. ज्या विटांकडे मी आयुष्यभर "यात नाणं आहे की नाही" एवढ्याच नजरेनं पाहिलं, त्यांच्याकडे आता "ही जोडीनं आहे का?" म्हणून पाहते. १-२मधलं भुयार तर दारांसाठीच बांधल्यासारखं वाटतं. खाली जमीन सलग, वर छत सलग. आम्ही लहानपणी त्या छतावर चढून शॉर्टकटकडे पळायचो आणि स्वतःला मोठे चोर समजायचो. आता छतालाच दार पाडता येतं.

आणि १-१च्या शेवटच्या पायऱ्या! झेंड्याआधीच्या त्या जिन्याच्या टोकावर चढायचं, खाली जमिनीत निळं दार, जिन्याच्याच उभ्या बाजूवर नारिंगी. उडी मारायची. पडताना जो वेग मिळतो तोच आडवा होऊन मारिओ बाणासारखा सुटतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

ही फेक मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये प्रोजेक्टरवर दाखवली. मुलांना विचारलं, इथे काय कायम राहिलं? सगळे एका सुरात म्हणाले, मोमेंटम. मी म्हटलं, थांबा. मोमेंटमला दिशा असते. मारिओ खाली जात होता, आता उजवीकडे चाललाय. दिशा बदलली म्हणजे मोमेंटम बदलला. कायम राहिली ती फक्त चाल. वर्गात दोन मिनिटं शांतता होती. व्हेक्टर आणि स्केलरमधला फरक मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते, पण त्या दोन मिनिटांत तो मुलांच्या जितका आत गेला तितका कधी गेला नव्हता.

मग दुसरी मांडणी. एक दार जमिनीत, दुसरं बरोबर त्याच्या वर छताला. मारिओ पडतो, छतातून बाहेर येतो, पुन्हा पडतो. थांबतच नाही. प्रत्येक फेरीला तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा गतिज होते, आणि खालच्या दारातून वरच्या दाराशी पोहोचायला मात्र त्याला काहीच खर्च येत नाही. ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मॅडम, दारानं दिली असणार." अगदी बरोबर. ऊर्जेचा नियम टिकवायचा असेल तर मारिओला वर चढवण्याचं काम दारानंच करायला हवं, आणि दाराला ती ऊर्जा कुणीतरी पुरवायला हवी. त्या दिवशी तास अर्धा तास लांबला. एकही मूल उठलं नाही.

मारिओच्या उडीबद्दलही सांगायला हवं, कारण चाहत्यांनी केलेल्या नकला इथेच फसतात. मूळ मारिओत गुरुत्वाकर्षण एकसारखं नसतं. उडीचं बटण दाबून धरलं तर वर जाताना ते निम्म्याहूनही कमी होतं, सोडलं की एकदम वाढतं. म्हणून बटणाला टिचकी मारली की बुटकी उडी आणि दाबून धरलं की उंच. आपल्या अंगठ्याला हे पाठ असतं, डोक्याला माहीत नसतं. मारी० करणाऱ्यांनी ही खोड जशीच्या तशी उचलली आहे. दादानं पहिलीच उडी मारली आणि म्हणाला, "हो, हाच तो." वाड्यात खेळलेल्या मारिओची चित्रं त्याच्या लक्षात नव्हती, उडी लक्षात होती.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

पहिली: मूळ बत्तीस टप्पे बंदूक घेऊन खेळायला घेतले तर तिसऱ्या जगापर्यंत जोर ओसरतो. ते टप्पे उडीसाठी रचलेले आहेत. त्यातल्या शत्रूंकडे दाराला काही उत्तर नाही. किल्ल्यातल्या राक्षसाच्या डोक्यावरून छताला नेम धरला, की त्याच्या पलीकडे उतरून कुऱ्हाड गाठता येते. लहानपणी ज्याच्यापुढे हात थरथरायचे तो तिथे नुसता उभा. पहिल्यांदा मजा आली, चौथ्यांदा मला वाईट वाटलं. माझा सल्ला असा: मूळ टप्पे पहिल्या जगापुरते खेळा, हात बसू द्या, आणि सरळ पोर्टलच्या धर्तीवर रचलेल्या कोड्यांच्या संचाकडे जा. गेमचं खरं मोल तिथे आहे. तिथे दार कुठेही उघडत नाही, काही भिंती ते स्वीकारतात, काही नाकारतात. एक पडदा असा असतो की त्यातून गेलात की तुमची दारं पुसली जातात. बटणावर ठेवायची खोकी, लेसर, उजेडाचे पूल, उडवून देणाऱ्या फळ्या, भिंतीला माखायचं लिबलिबीत रसायन, हे सगळं पोर्टल आणि २०११च्या पोर्टल २मधून आलंय. आणि मारिओच्या ठोकळ्यांत ते इतकं नीट बसतं की हे आधीपासून इथेच होतं असं वाटावं.

दुसरी तक्रार हातांची. डावा हात कीबोर्डवर चालतो-उडतो, उजवा माऊसवर नेम धरतो. ज्यांचे हात चौकोनी रिमोटवर वाढले त्यांना पहिला आठवडा जड जाणार. माझं चालणं आणि नेम धरणं एकदम होईना. मी धावत असले की दार भलतीकडे, दार नीट पडलं की मी खड्ड्यात. भाच्याला हा त्रास पाच मिनिटंही झाला नाही. वहिनीनं कधीच कुठला गेम खेळला नव्हता, ती मला मागे टाकून गेली. जुनी सवय नसणं इथे फायद्याचं आहे.

तिसरी: हे सगळं २०१२चं आहे आणि ते दिसतं. मेन्यूतली अक्षरं आजच्या मोठ्या पडद्यावर बारीक वाटतात आणि काही पर्याय कशासाठी आहेत हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. चाहत्यांनी या गेमचाही पुढे विस्तार केलाय. अलेसान्स एंटिटीज या नावानं तो मिळतो, त्यात शत्रू आणि वस्तू कितीतरी जास्त आहेत. मी दोन्ही उतरवले. सुरुवात मूळ मारी०पासूनच करावी, कारण विस्तारात इतकं काही आहे की पहिल्यांदा येणारा माणूस दारं विसरून बाकीच्याच गोष्टींत हरवतो.

टोप्यांचा उल्लेख केला नाही तर भाचा रागावेल. मारिओला तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या घालता येतात, एकीवर एक रचतासुद्धा येतात. त्याचा पहिला अर्धा तास टोप्यांतच गेला.

एकाच वेळी चौघांनी खेळणं हा मात्र या गेमचा सणासुदीचा भाग आहे. मूळ मारिओत दोघं असले तरी एकानं मरेपर्यंत दुसऱ्यानं वाट बघायची. आमच्या वाड्यातली निम्मी भांडणं त्यावरून होती. इथे चौघं एकदम पडद्यावर, प्रत्येकाच्या हातात बंदूक, प्रत्येकाच्या दारांचा रंग वेगळा. माऊस एकाकडे, बाकीच्यांना रिमोट लागतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो आणि यूएसबीचे तीन रिमोट आणले, साडेपाचशेला एक. दिवाळीनंतर त्या गल्लीत पाय ठेवायला जागा होती हे एक नवल. रिमोटच्या काडीनं नेम धरणं माऊसइतकं सफाईचं होत नाही, तरी चालून जातं. संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. कुणाच्याही दारातून कुणीही जाऊ शकतं, त्यामुळे दादानं घाईनं उघडलेल्या दारात वहिनी पडली, वहिनीच्या दारात मी, आणि मी जिथून बाहेर आले तिथे खाली खड्डा. मी आणि दादा वीसेक वर्षांत इतका वेळ सलग एका खोलीत बसलो नव्हतो. त्यांची गाडी सात वाजता निघायची होती, साडेनऊला निघाली.

बाकीचे मिश्र गेम जे पाहिले त्याबद्दल थोडक्यात. २००९चा टूपर टारिओ ट्रॉस हा मारिओ आणि टेट्रिस यांचा मेळ आहे, स्विंग स्विंग सबमरीन या गटाचा. खड्डा आला की मारिओ सोडून टेट्रिसचे ठोकळे पाडायचे आणि पूल बांधायचा. कल्पना सुंदर आहे, आणि जितका लहान आहे तितकाच लहान असायला हवा होता. २०१०चा सुपर मारिओ ब्रदर्स क्रॉसओव्हर आमच्या पिढीचं स्वप्न होता: मारिओच्या जगात कॉन्ट्राचा बंदूकवाला, मेगा मॅन, झेल्डाचा लिंक. कॉन्ट्राचा माणूस १-१मध्ये आणला तेव्हा मी खुशीनं ओरडले. दहा मिनिटांनी मात्र लक्षात आलं की तो लांबूनच सगळ्यांना गोळ्या घालतोय आणि मी नुसती उजवीकडे चालतेय. उडी मारायचं कारणच उरलं नाही. दोन गेम शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांशी बोलत नव्हते. हे दोन्ही मुळात फ्लॅशवर चालायचे आणि २०२०च्या शेवटी फ्लॅशच बंद झालं. त्यामुळे आता ते सहज हाती लागत नाहीत.

खरं तर अशी मिसळामिसळ आपल्याकडच्या कॅसेटवाल्यांच्या मालात फार आधीपासून होती. आमच्या एका कॅसेटमध्ये मारिओ हिरव्या डोंगरांतून भन्नाट पळायचा, अंगाचा चेंडू करून घरंगळायचा. मला तो मारिओचाच पुढचा भाग वाटायचा. आत्ता कळलं की तो १९९४चा सोमारी होता, परवानगीशिवाय केलेला. गेम सगळा सॉनिकचा, चित्र मारिओचं. म्हणजे मी नऊ वर्षांची असताना असा एक मिश्र गेम खेळत होते आणि मला पत्ताही नव्हता.

एक प्रकार मात्र मारी०च्या तोडीचा निघाला, तोही अस्सल मॉड. सुपर मेट्रॉइड आणि झेल्डाचा अ लिंक टू द पास्ट हे दोन्ही गेम सुपर निन्टेन्डो या यंत्रावरचे. पहिला १९९४चा, दुसरा जपानात १९९१ला आलेला. चाहत्यांनी हे दोन अख्खे गेम एका फाइलीत शिवले आहेत. काही ठराविक दारांतून एका गेममधून थेट दुसऱ्यात जाता येतं आणि दोन्हींतल्या वस्तूंची सरमिसळ केलेली असते. झेल्डातली साखळी मेट्रॉइडमधल्या झेबेस ग्रहावर सापडू शकते, आणि मेट्रॉइडची नायिका सामस हिला चेंडू होण्यासाठी लागणारी शक्ती झेल्डाच्या हायरूल राज्यातल्या एखाद्या पेटीत. दर वेळी सरमिसळ नवी, पण ती करणारा प्रोग्राम आधीच तपासतो की गेम शेवटपर्यंत सोडवता येईल. शेवट करायला दोन्हीकडचे मुख्य शत्रू हरवावे लागतात. खेळण्यासाठी दोन्ही मूळ गेमच्या फाइली तुमच्याजवळ असाव्या लागतात, मॉडवाले फक्त जोड देतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे बाणेरला दोन्ही कार्ट्रिज आहेत, तिथे मी एक शनिवार-रविवार बसून पाहिलं. तो प्रत्येक पेटीपाशी थांबून दोन गेमचे नकाशे एकदम मनात फिरवत होता: हे मिळालं तर तिकडचा तो दरवाजा उघडेल, तो उघडला तर इकडचं तळं ओलांडता येईल. तर्काची इतकी सुंदर कसरत मी गेममध्ये पाहिली नव्हती. पण दोन्ही गेम तोंडपाठ असल्याशिवाय यात उतरू नये. मला नव्हते. आपल्याकडे ते यंत्र फार थोड्या घरांत होतं आणि माझ्या ओळखीच्या एकाही घरात नव्हतं. मी बघत राहिले आणि मला आवडलं, एवढंच मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

ज्यांना मारी० खेळायचा आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये, असं मला कळकळीनं वाटतं. चाहत्यांची ही कामं परवानगीच्या कडेवर उभी असतात. ब्राउझरमध्ये चालणारा फुल स्क्रीन मारिओ २०१३मध्ये मारिओची मालक कंपनी निन्टेन्डो हिच्या आक्षेपामुळे काढावा लागला. पोर्टल निन्टेन्डो ६४ या जुन्या यंत्रावर आणण्याचा एक देखणा प्रयत्न जानेवारी २०२४मध्ये व्हॉल्व्हच्या सांगण्यावरून थांबला, कारण तो निन्टेन्डोच्या मालकीच्या कोडवर उभा होता. कंपन्यांना आपला माल राखायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसांनी रात्री जागून हे केलं त्यांना त्यातून पैसा मिळणार नव्हता, आणि त्यांचं काम नाहीसं होतं तेव्हा मला ते एखाद्या विद्यार्थ्याची वही हरवल्यासारखं लागतं. मारी० इतकी वर्षं राहिलाय. त्याची एक प्रत मी पेनड्राइव्हवर ठेवली आहे आणि क्लासच्या कपाटातही एक.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळे दोन महिने झाले तरी मी हे सोडलेलं नाही. गेममध्येच टप्पे रचायची सोय आहे. ठोकळे निवडायचे, पडद्यावर मांडायचे, शत्रू सोडायचे, कुठली भिंत दार घेईल ते ठरवायचं, आणि एका बटणावर लगेच खेळून बघायचं. कोड लिहावा लागत नाही. भाच्यानं जाण्याआधी मला शिकवलं आणि बजावलं, "आत्या, नाताळच्या सुट्टीपर्यंत तू एक लेव्हल करून ठेव."

मी आमचा वाडा रचते आहे. तो पाडून आता तिथे सहा मजली इमारत उभी आहे, खाली पार्किंग. मारिओच्या तपकिरी विटा वाड्याच्या भिंतींना शोभतात. दिंडी दरवाजा, मग चौक, चौकात विहीर, डावीकडे ओसरी, मागे माजघर, आणि वर जाणारा तो अंधारा जिना, ज्यावर दादा मला भुताची भीती घालायचा. जिन्याखाली कासव ठेवलंय. टीव्ही होता त्या खोलीत मशरूम. कोडं असं आहे की विहिरीच्या तळाशी एक दार उघडायचं, वरून उडी मारायची, आणि पडताना मिळालेल्या वेगानं थेट माडीवर पोहोचायचं, कारण जिना मध्येच तुटलेला आहे.

दादाला परवा फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "विहीर चौकाच्या मधोमध नव्हती ग, तुळशीकडे होती." मग अर्धा तास आम्ही त्यावर बोललो. त्याचं बरोबर होतं. विहीर हलवली. पण हलवल्यावर अडचण आली: माडीच्या भिंतीवर विहिरीच्या बाजूला जेमतेम एका विटेची जागा उरते, आणि दाराला दोन लागतात. माडी वाढवावी तर ती आमच्या माडीसारखी दिसत नाही. आज रात्री तुळशीवृंदावन एका ठोकळ्यानं पुढे सरकवून बघणार आहे.